दिवा लागतो, आवाज येत नाही

बटण दाबायच्या आधीच बोलून मोकळा होणारा माणूस बघायचा असेल तर आमच्या कोल्हापुरात या. वॉकीटॉकीच्या धंद्यात माझं आयुष्य गेलं, पण हे दृश्य बघून मला दर वेळी नव्यानं धक्का बसतो. सेट तोंडाशी आला की आमचा माणूस सगळं वाक्य हवेत सोडून देतो, मग त्याला बटण आठवतं, आणि पलीकडच्याला ऐकू जातं फक्त, "...समजलं न्हवं?" त्याला काय कपाळ समजणार! तो म्हणतो, "काय?" आणि तेही बटण न दाबता. मग दोघंही माझ्या दुकानात येऊन भांडतात की सेट खराब निघाला.

लग्न होऊन मी या दुकानात आले तेव्हा इथं रेडिओ दुरुस्त व्हायचे. आमचं घर लिंगायत व्यापाऱ्याचं, माझं माहेर सीमेकडचं, म्हणून गिऱ्हाइकांनी मला पहिल्या दिवसापासून 'अक्का' करून टाकलं. माझ्यापेक्षा दुप्पट वयाचे पैलवानसुद्धा अक्काच म्हणायचे. पुढं रेडिओ गेले, टेपरेकॉर्डर गेले. मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलेलं, त्यामुळं वॉकीटॉकी आले तसे ते माझ्या टेबलावर आले. आमचे हे बिलं आणि माणसं सांभाळायचे, मी सेट सांभाळायची. आता दुकान सुनेच्या ताब्यात आहे. मी दुपारी जाऊन बसते आणि तिच्या कामात नाक खुपसते.

बाहेरच्या माणसाला हे काम कळत नाही, म्हणून सांगते. कंपनीतून सगळे सेट सारखेच भरून येतात. खोक्यातून काढले आणि तसेच चालू केले, तर शेजारच्या मंगल कार्यालयाचा आचारी, पलीकडच्या बांधकामावरचा क्रेनवाला आणि तुमच्या शाळेच्या सहलीच्या बाई असे सगळे एकाच वाहिनीवर येऊन आदळतात. क्रेनवाल्याला कळत नाही की जिलेबी कुठं चढवायची. म्हणून सेटला केबल लावायची, केबलचं दुसरं टोक लॅपटॉपला, आणि कुठल्या वाहिनीवर ऐकायचं, कुठल्यावर बोलायचं हे त्यात भरायचं. याला प्रोग्रामिंग म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण काम म्हणजे स्वयंपाकघरातल्या डब्यांना चिठ्ठ्या लावण्याचं. चिठ्ठी चुकली की चहात मीठ.

वापरायचे नियम त्याहून सोपे. बटण दाबा, एक श्वास घ्या, मग बोला. बोलणं संपलं की बटण सोडा, नाहीतर पलीकडचा काय म्हणतो ते तुम्हाला जन्मात ऐकू येणार नाही. एका वेळी एकानंच बोलायचं. वरची एरियल ही मूठ नव्हे, तिला धरून सेट उचलू नका. तोंडापासून वीतभर लांब धरा आणि ओरडू नका. हा शेवटचा नियम मी सांगायचाच सोडून दिला. कोल्हापुरात कुणाला 'हळू बोला' म्हटलं तर तो विचारतो, "का? कोण आजारी हाय काय?"

गडमुडशिंगीचे एक शेतकरी पाण्याच्या मोटारीसाठी दोन सेट घेऊन गेले. ते विहिरीवर, मालकीणबाई घरी बटणाशी. महिनाभरानं मालकीणबाई एकट्याच दुकानात आल्या. मला वाटलं, आली तक्रार. त्या म्हणाल्या, "अक्का, लई झकास वस्तू दिलासा. मी बटण दाबून धरलं की ह्यांस्नी मधी बोलताच येत न्हाय. लगीन झाल्यापासनं पहिल्यांदा माझं पुरतं बोलून झालं." मी चाटच पडले! एवढी जाहिरात कंपनीलासुद्धा सुचली नसेल.

आणि चंदगडचे ते काजूवाले. त्यांच्या कारखान्यातनं बागेत आवाज जाईना म्हणून मी पावसात एसटीनं धक्के खात गेले. बघते तर मध्ये अख्खा डोंगर उभा. मी म्हटलं, "मालक, हा लहान सेट. त्याचा आवाज सरळ रेषेत जातो. डोंगर आड आला की संपलं." मालकांनी डोंगराकडं बघितलं, माझ्या लॅपटॉपकडं बघितलं आणि अगदी मनापासून विचारलं, "प्रोग्रामिंगमधनं डोंगर काढता येत न्हाय व्हय?" मी परतीच्या एसटीत एकटीच हसत होते, कंडक्टर माझ्याकडं संशयानं बघत होता.

पण आज मला सांगायचं आहे ते वेगळंच.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. परवान्याशिवाय वापरता येतात अशा वाहिन्या मोजक्याच आहेत. मंडळं, तालमी, कार्यालयं, सगळी त्यातच दाटीवाटीनं राहतात. मग एकमेकांचा गोंगाट नको म्हणून प्रत्येक गटाच्या सेटात एक खुणेचा सूर भरतात. बोलणाऱ्याच्या आवाजाबरोबर तो सूर गुपचूप जातो. ज्या सेटात तोच सूर भरलाय, तोच सेट तोंड उघडतो. बाकीचे गप्प राहतात. कंपनीवाले खोक्यावर याला मोठ्या अक्षरांत गुप्ततेचा कोड म्हणतात, आणि तिथंच सगळा घोळ होतो. कारण यात गुप्त असं काही नाही. आवाज सगळ्यांकडं जातोच. फक्त तुमच्या सेटाच्या कानात बोळा घातलेला असतो. कुणी परका बोलायला लागला की सेटावरचा हिरवा दिवा लागतो, पण आवाज येत नाही. कडेला एक लहान बटण असतं, ते दाबून धरलं की बोळा निघतो आणि वाहिनीवर जो कोणी बोलत असेल तो ऐकू येतो. हे बटण मी प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवते, आणि दुकानाचा जिना उतरेपर्यंत प्रत्येक गिऱ्हाईक ते विसरतं.

आता आमच्या तालमी. नावं लिहीत नाही, उगाच पेठ पेटायची. एका रस्त्याच्या अल्याड एक, पल्याड दुसरी. कुस्ती आता नावाला, खरी खुन्नस फुटबॉलची आणि गणपतीच्या मिरवणुकीची. अल्याडच्या तालमीचा अध्यक्ष सर्जेराव. धिप्पाड माणूस, मनानं सोनं, पण डोक्यात राख घालून घेतल्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नाही. पल्याडच्या तालमीचं सगळं बघायचा तो धनाजी, एके काळचा गोलकीपर, बोलायला कमी. हे दोघं शाळेत एका बाकावर होते म्हणे. कुठल्याशा सामन्यात मारामारी झाली आणि तेव्हापासून दोन्ही तालमींत पाणीसुद्धा एकमेकांचं पीत नाहीत.

दोघांनीही सेट माझ्याकडूनच घेतले. आधी सर्जेराव आला.

"अक्का, आमचं बोलणं त्या पल्याडच्यांस्नी ऐकू जाता कामा न्हाय. कोड घाला. आणि कोण चाळवाचाळव करंल म्हणून सेटाला कुलूपबी घाला."

मी म्हटलं, "अहो, कोड म्हणजे कुलूप नव्हे. त्यांना ऐकायचंच असेल तर..."

"घाला की वो!"

दोन दिवसांनी धनाजी आला आणि शब्दांचा फरक सोडला तर हेच मागितलं. दोघांना वेगवेगळे सूर भरून दिले, बटणांवरून कुणाला काही बदलता येऊ नये असं करून दिलं. वाहिनी एकच, कोड दोन. पुढची दोन वर्षं सुखात गेली. मिरवणुकीत दोघांचे सेट एकमेकांच्या आवाजावर आदळून कर्रकर्र करायचे तेवढंच.

मग तो पूर आला.

पूर आम्हाला नवा नाही. पण त्या वर्षी पाणी चढलं तसं कधी बघितलं नव्हतं. आमचं दुकान पहिल्या मजल्यावर, मागच्या खिडकीतून एरवी ऊस दिसतो आणि लांब नदीची झाडं. त्या दिवशी खिडकीत नुसतं लाल पाणी होतं, खिडकीखालच्या चढाच्या रस्त्यापर्यंत आलेलं. वीज गेलेली, फोन लागेनात. कोल्हापूरची मात्र एक गोष्ट सांगते, अशा वेळी इथं कुणाला बोलवायला लागत नाही. तालमीच्या तालमी बोटी घेऊन उतरल्या. कुणी तलावावरची आणली, कुणी रबरी. माझ्याकडचे होते नव्हते ते सेट मी वाटून टाकले. दुकानात माझा म्हणून एकही सेट उरला नाही.

सर्जेरावची धाकटी बहीण सुनीता नदीपलीकडच्या गावात दिलेली. नवरा गोव्याला कामाला, घरी ती, म्हातारी सासू आणि लहान मुलगा. सकाळपासून तिचा फोन लागत नव्हता. सर्जेरावनं पहाटेच बोट काढली, तर गावाच्या अलीकडं कुंपणाची तार लागून ती टराटरा फाटली. पोहत काठाला आला. तालमीची दुसरी बोट पोरांनी काढली होती, ती भलत्याच वस्तीवर अडकली. हा माणूस काठावर वेड्यासारखा येरझारा घालत होता. येणाऱ्या प्रत्येक बोटीला विचारत होता, "सुनी दिसली काय? पिवळा टोप घातलेलं पोरगं दिसलं काय?" फक्त पल्याडच्या तालमीच्या बोटीला त्यानं विचारलं नाही. कसा विचारणार!

दुपारी तो जिना हादरवत दुकानात आला. अंगावर चिखल, डोळे लाल. सेट काउंटरवर आपटला.

"अक्का, भंगार दिलासा तुम्ही! तासभर झाला, दिवा लागतोय, विझतोय, लागतोय, विझतोय. माझी पोरं बोटीतनं बोलाय लागल्यात आणि ह्यातनं आवाज म्हणून येत न्हाय. माझी भन तिकडं मराय लागलीया आणि तुमचं मशीन मुकं!"

आमचे हे त्याला पाणी द्यायला उठले. त्यानं पेला बाजूला सारला. मी सेट हातात घेतला. बॅटरी ठीक होती. आवाजाची कळ पूर्ण वर होती. आणि तेवढ्यात माझ्या डोळ्यांसमोर हिरवा दिवा लागला.

"बगा! बगा!" सर्जेराव ओरडला. "हाय काय आवाज?"

मी कडेचं लहान बटण दाबलं.

खरखर झाली आणि दुकानात एक आवाज घुमला. "...कोण हाय का? कोणबी हाय का? पेट्रोल संपलंय. बोट आंब्याला बांधलीया. धार लई हाय, दोर तुटायच्या बेतात हाय. बायकामाणसं हायत, ल्हान पोर हाय..."

आवाज धनाजीचा होता.

तासभर ज्या दिव्याला सर्जेराव शिव्या घालत होता, तो दिवा पल्याडच्या तालमीचा होता. मी बटण सोडायला धजेना. धनाजीनं दम घेतला आणि पुन्हा सुरू झाला. कुणी ऐकत नाही याची जवळजवळ खात्री झालेल्या माणसाचा तो आवाज होता. "सुनीताताई हाय बोटीत, सर्जेरावची भन. तिची सासू हाय. म्हातारी थंडीनं काकडाय लागलीया. कोण असंल तर सर्जेरावला निरोप द्या." मागं मूल रडत होतं.

आमच्या ह्यांनी हातातला पेला काउंटरच्या अगदी कडेवर ठेवला आणि तो पडून फुटला. कुणी खाली बघितलंसुद्धा नाही.

सर्जेरावनं सेट माझ्या हातातून हिसकावला आणि बोलायचं बटण दाबलं. "धन्या! ए धन्या! मी ऐकतोय! सर्जा बोलतोय! कुठल्या आंब्याला रं?"

बटण सोडलं. मी लगेच कडेचं बटण दाबलं. पलीकडून धनाजी त्याच थकल्या सुरात म्हणत होता, "कोणी हाय का?"

"ऐकंना का ह्यो? बहिरा झाला काय?"

"तो बहिरा नाही झाला," मी म्हटलं. "तुम्ही तुमच्या कोडावर बोलताय. त्याच्या सेटाला तुमचा कोड माहीत नाही. त्याच्याही सेटावर आत्ता हिरवा दिवा लागला असेल, आवाज नाही."

सर्जेरावनं माझ्याकडं असं बघितलं की मी जन्मात विसरणार नाही. याला धनाजीचं सगळं ऐकू येत होतं, आणि धनाजीला याचं काहीच नाही. कडेचं बटण दाब एवढं धनाजीला सांगितलं असतं तर काम झालं असतं. पण सांगायचं कसं? सांगायला त्याला आधी ऐकू यायला हवं.

एकच उपाय होता. धनाजीच्या तालमीचं प्रोग्रामिंग माझ्या लॅपटॉपात होतं, ते सर्जेरावच्या सेटात भरायचं. मी लॅपटॉप उघडला. चार्जिंगचा काटा शेवटाला आलेला, पडदा मंद झालेला. इन्व्हर्टर आदल्या दिवशीच मेला होता. आमचे हे न सांगता खाली पळाले, गाडीची बॅटरी काढायला. मी म्हटलं त्यांची वाट बघायला वेळ नाही. केबल शोधली. घाईत ती सेटाच्या भोकात जाईना. शेवटी सर्जेरावनं माझं मनगट धरलं, तेव्हा ती बसली.

केबल लावली की सेट मुका होतो. भरायचं काम चालू असेपर्यंत काही ऐकू येत नाही. पडद्यावर ती निळी पट्टी पुढं सरकते, एवढंच बघत बसायचं. एरवी त्या वेळात मी गिऱ्हाइकाला चहा सांगते. त्या दिवशी ती पट्टी मुंगीच्या पायानं चालली होती. आम्ही दोघं वाकून तिच्याकडं बघत होतो आणि दोघांच्याही मनात एकच होतं, केबल काढली आणि पलीकडून आवाजच आला नाही तर? सर्जेराव तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता. मला वाटलं देवाचं नाव घेतोय. नीट ऐकलं तर म्हणत होता, "दोर सोडू नगंस धन्या, दोर सोडू नगंस."

पट्टी पूर्ण झाली आणि तेवढ्यात लॅपटॉपचा पडदा काळा पडला. मी केबल ओढून काढली. सेट चालू केला. तो एकदा पिंकन वाजला.

"बटण दाबा," मी म्हटलं. "श्वास घ्या. मग बोला."

आयुष्यात पहिल्यांदा सर्जेरावनं नियम पाळला. बटण दाबलं, श्वास घेतला. "धन्या, मी सर्जेराव."

काहीच नाही. खिडकीबाहेर पाण्याचा आवाज तेवढा. मग सेट आपणहून बोलला.

"कोण?"

"सर्जेराव. अल्याडचा."

मग धनाजी म्हणाला, "तू आमच्या कोडात कसा घुसलास?"

आता हसू येतं. तेव्हा मला रडू फुटलं. मरणाच्या दारात उभा आहे आणि याला कोडाची पडलीय! सर्जेराव ओरडला, "ते ऱ्हाऊ दे रं खुळ्या, कुठं हाईस ते सांग!" धनाजीनं सांगितलं. गावाच्या वरच्या अंगाला, पाण्याच्या टाकीजवळचा आंबा. आमच्या खिडकीतून टाकीचं डोकं दिसत होतं. त्यांच्या काठावरचे सेट चार्जिंग नाही म्हणून सकाळीच बंद पडले होते, हे नंतर कळलं. त्या अख्ख्या पाण्यावर धनाजीचा आवाज पोचेल असा सेट एकच होता, आणि एकमेकांचं ऐकू येऊ नये म्हणून दोघांनी पैसे देऊन त्यातच... नको, जाऊ दे.

सर्जेरावच्या तालमीची दुसरी बोट तेवढ्यात खालच्या चढाला लागताना दिसली. तो जिना उतरला की त्यानं उडी मारली, मला माहीत नाही. मी खिडकीतून बघत होते. त्यानं पोरांना खाली उतरवलं, पेट्रोलचा डबा आत फेकला आणि स्वतः बोट घेतली.

सगळी वाचली. सुनीता, तिचं पोरगं, सासू, आणखी दोन शेजारणी आणि धनाजी. दोराचे दोन पदर तुटले होते, एका पदरावर बोट होती असं नंतर बोट बघून आलेले सांगत होते. सासूबाईंना ताप भरला, दवाखान्यात ठेवावं लागलं, पण म्हातारी चिवट, उठून बसली. मी घरी येऊन देवापुढं बसले आणि मला एक शब्द आठवेना.

मला वाटलं, झालं, मिटली खुन्नस. मी किती खुळी!

गणपतीच्या आधी सर्जेराव दुकानात आला. पोत्यात सगळे सेट. बरोबर सुनीता. तिचं घर राहण्यासारखं नव्हतं, म्हणून ती भावाकडंच होती. बारीक, शांत बाई, पदर खांद्यावरून घेतलेला. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली.

"अक्का, नवा कोड घाला," सर्जेराव म्हणाला.

मला वाटलं मी काहीतरी चुकीचं ऐकलं. "काय घाला?"

"नवा कोड. माझ्या सेटात धन्याचा कोड हाय, त्यो नगं."

मी हातातली केबल टेबलावर आपटली. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकावर आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. "लाज वाटत नाही सर्जेराव? त्या माणसानं तुमच्या बहिणीला आणलं! स्वतः बुडत होता आणि तुम्हाला निरोप द्या म्हणत होता. मी माझ्या कानांनी ऐकलंय!"

तो मग हळू म्हणाला, "तुम्हाला सगळं म्हाईत न्हाय अक्का. गल्लीत पाण्याकडनं पहिलं घर सुनीचं. पहिलं. धन्याची बोट त्या गल्लीत सकाळीच गेलती. मागची घरं उचलली त्यानं, दहा माणसं काठावर आणून सोडली. आणि माझ्या भनीला ठेवलं शेवटच्या खेपंला. का? माझी भन म्हणून. लोकं बघत हुती. सगळी पेठ म्हणतीया. आणि परत जाताना पेट्रोल किती उरलंय ते बघाय नगं? माणसाचा जीव हाय का खेळ हाय? मी जाऊन त्याला भर चौकात इचारलं. एक शब्द बोलला न्हाय. खाली मान घालून हुबा ऱ्हायला. म्हंजे खरंच न्हवं?"

खोटं कशाला सांगू, माझ्याही मनात पाल चुकचुकली. पहिलं घर सोडून मागची घरं आधी उचलायची, याला दुसरं कारण काय असणार? ज्या माणसाचा आवाज ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यानं असं केलं असेल? मी पोत्यातला एक सेट काढला आणि केबल लावायला घेतली.

"दादा," सुनीता म्हणाली.

ती स्टुलावरून उठली नाही. पोत्याकडं बघत बोलत होती.

"सकाळी ते पहिल्यांदा माझ्याच दारात आलते."

सर्जेराव वळला.

"म्हणाले, ताई, पोराला द्या हिकडं, आईंस्नी धरतो, चला. मीच न्हाय म्हटलं. म्हटलं, माझ्या दादाची बोट येतीया. तुमच्या बोटीत बसल्यालं दादाला कळलं तर तो माझं तोंड बघायचा न्हाय."

"सुनी..."

"गेल्या साली त्यांच्या मंडळाच्या हळदीकुंकवाला गेले म्हणून तू सहा महिनं बोलला न्हाईस माझ्याशी. राखीला आले तर दाराबाहेर गेलास. ध्यानात हाय माझ्या." तिचा आवाज चढला नाही. "त्यांनी लई इनवण्या केल्या. पाणी वाढाय लागलं, मागची माणसं बोंबलाय लागली, म्हणून त्यांस्नी घेऊन गेले. काठावर सोडून परत माझ्यासाठी आले. तवा पोराला मी माळ्यावर बसवलं हुतं आणि माझ्या छातीला पाणी हुतं. दुसऱ्या खेपंमुळं पेट्रोल संपलं. आंब्याला बांधल्यावर मीच हात जोडले त्यांस्नी. म्हटलं, मी न्हाय म्हटलं हुतं ते दादाला कधी सांगू नका, त्याला लागंल. म्हणून बोलत न्हाईत ते चौकात."

आमचे हे बिलबुक हातात धरून तसेच. मी एका हातात सेट, एका हातात केबल. आंब्याच्या झाडाला बोट बांधून, खालून धार लागलेली असताना, ही बाई कशाची काळजी करत होती? मी उभ्या आयुष्यात इतकी हादरले नव्हते. त्या पुरानंसुद्धा मला इतकं हादरवलं नव्हतं.

सर्जेराव वळला आणि दाराबाहेर गेला. पोतं तिथंच राहिलं.

सुनीतानं पदर सारखा केला. माझ्याकडं बघून ओशाळवाणं हसली. "झालं. आता परत बोलायचा न्हाय माझ्याशी. तरी मी सांगणार नव्हते वो, पण त्या माणसाला सगळी पेठ नावं ठेवाय लागलीया."

मी दारातून डोकावले. सर्जेराव गेला नव्हता. जिन्याच्या मधल्या पायरीवर बसला होता, गळ्यातला टॉवेल तोंडात कोंबून, आणि त्याची एवढी मोठी पाठ गदगदा हलत होती. खालचा शिंपी मशीन थांबवून वर बघत होता.

मी आत आले. म्हटलं, "सुनीता, तो रडतोय गं."

"कोण?"

"तुझा दादा."

तिला ते पटेना. मग ती उठली, आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघायला जिन्याकडं गेली.